जुन्या गाडीचे दिवे लुकलुकतात तेव्हा

जुन्या गाडीचा हेडलाइट लुकलुकायला लागला की पहिला नंबर बल्बचा लागतो. नवा बल्ब घालूनही फरक पडला नाही की बॅटरीवर संशय जातो, मग स्विचवर, मग डायनामोवर. एकेक वस्तू बदलत गेल्यावर कधीतरी दिवा स्थिर होतो, पण नेमका कशाने झाला हे ना मालकाला कळते ना मेकॅनिकला. पुष्कळदा घडलेले असते ते एवढेच: वस्तू बदलताना तिथला स्क्रू नव्याने आवळला गेला, टर्मिनल घासले गेले, त्यावरचा गंज निघाला. काढून टाकलेली जुनी वस्तू मुळात चांगलीच होती.

दिव्यांच्या बाबतीत एक गोष्ट मनाशी पक्की धरावी. लुकलुकणे हा बहुतेक वेळा जोडाचा दोष असतो. वायर आणि टर्मिनल, टर्मिनल आणि स्क्रू, स्क्रू आणि पत्रा, अशा दोन धातूंच्या भेटीत कुठेतरी ढिलाई, गंज किंवा रंग आलेला असतो. असा जोड नुसता पाहून कळत नाही. दिवा चालू ठेवून त्यावर मीटर लावला की मात्र तो लगेच पकडता येतो.

उदाहरणासाठी प्रीमियर पद्मिनी घेऊ. टॅक्सी म्हणून ती मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली, पण कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या आणि घरोघरी ‘फियाट’ म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या या गाड्या अजून अनेकांनी जपल्या आहेत. तिची १२ व्होल्टची वीजव्यवस्था साधी आहे. तिच्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सरचे जाळे नाही. तिच्यावर हात बसला की अँबेसिडर आणि जीपसाठीही हीच पद्धत चालते. स्कूटर-मोटरसायकलींचे थोडे वेगळे असते, त्याबद्दल पुढे येईल.

आधी फक्त बघा

अंधार पडल्यावर गाडी भिंतीसमोर आठ-दहा फुटांवर उभी करा. एकाने आत बसावे, दुसऱ्याने बाहेर थांबावे. आधी इंजिन बंद ठेवून आणि मग चालू करून दिवे लावा. पुढच्या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढा. निम्मा शोध इथेच संपतो.

एकच दिवा लुकलुकतो की दोन्ही? एकच असेल तर बॅटरी, मुख्य स्विच आणि डायनामो यांच्यावरचा संशय मिटला, कारण ते दोन्ही दिव्यांना सामाईक असतात. दोष त्या दिव्याच्या होल्डरमध्ये, त्याच्या अर्थिंगमध्ये किंवा त्याला वेगळा फ्यूज असेल तर त्या फ्यूजमध्ये आहे. दोन्ही दिवे एकाच क्षणी लुकलुकत असतील तर सामाईक वाटेवर शोधायचे.

अप्परवर लुकलुकतो की डिपरवर? दोन्हींना अर्थिंग एकच असते. त्यामुळे फक्त एकावरच त्रास होत असेल तर अर्थिंग बहुधा ठीक आहे. डिपर स्विचचा तेवढा एक कॉन्टॅक्ट किंवा पुढे जाणारी तेवढी एक वायर तपासा. बल्बमधली तार तुटून पुन्हा टेकते आणि दिवा लुकलुकतो, असेही कधी घडते. ते घडते तेव्हा याच गटात मोडते. बल्ब दुसऱ्या बाजूला लावून पाहिला की मिनिटभरात निकाल लागतो.

बरोबरीने आणखी काय लुकलुकते? टेललाइट आणि डॅशबोर्डचे दिवे पाहा. केबिनच्या छतातला दिवाही लावा. त्याची वाट हेडलाइटच्या स्विचमधून जात नाही. तोही हेडलाइटच्या जोडीने फडफडत असेल तर बॅटरीची टर्मिनल किंवा चार्जिंग यांकडे वळा.

कधी लुकलुकतो? खड्ड्यात किंवा बॉनेट आपटल्यावर दिवा जात-येत असेल तर ढिला जोड आहे. रेस दिल्यावर उजेड वर-खाली होत असेल तर चार्जिंग. इंडिकेटरच्या तालावर हेडलाइट मंदावत असेल तर दोघांच्या सामाईक अर्थिंगमध्ये अडथळा आहे. सुरुवातीला सगळे ठीक आणि दहा-पंधरा मिनिटांनी त्रास सुरू, असे असेल तर स्विच किंवा फ्यूजचा एखादा कॉन्टॅक्ट गरम होऊन सुटतो आहे. जुन्या अमेरिकन गाड्यांत आणि विलीज घराण्यातल्या काही जीपांत हेडलाइटच्या स्विचलाच सर्किट ब्रेकर असतो. तो तापला की वाट तोडतो आणि निवला की जोडतो. अशा गाडीचे दोन्ही दिवे ठरावीक काळाने जाऊन येत असतील तर ब्रेकर आपले काम करतो आहे. कुठेतरी वायर शॉर्ट होते आहे किंवा बल्ब गरजेपेक्षा मोठे आहेत, ते शोधायचे.

एक गोष्ट मात्र दोष समजू नका. डायनामोची गाडी सिग्नलला स्लो रेसवर उभी असताना दिवे थोडे पिवळे पडतात आणि चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो. डायनामो कमी फेऱ्यांवर पुरेशी वीज बनवू शकत नाही, तेवढा वेळ दिवे बॅटरीवर चालतात. उजेड संथपणे कमी-जास्त होणे आणि झटक्याने जाऊन येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सामान आणि खबरदारी

फार काही लागत नाही. साधा मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, दोन्ही टोकांना मगर-क्लिप लावलेली दोन मीटर जाड वायर, झिरो नंबरचा पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि व्हॅसलीन एवढे पुरते.

कामाआधी बोटातली अंगठी आणि मनगटावरचे घड्याळ काढून ठेवा. बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि बॉडीला एकाच वेळी टेकलेली अंगठी क्षणात लालभडक होते. टर्मिनल सोडताना बॉडीला जोडलेले आधी सोडा आणि बसवताना ते शेवटी बसवा, म्हणजे पान्हा चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. पद्मिनीत बॉडीला निगेटिव्ह असते. १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत मात्र पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेले असते. त्यामुळे गाडी नवीन हाती आली असेल तर आधी जाड केबल कुठे जाते ते बघा, मगच हात घाला. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून तिच्याजवळ विडी-काडी नको.

व्होल्ट कुठे गळतात?

आता मुख्य काम. ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो. अप्परवर दोन बल्बांचे १० अँपिअर झाले. सामाईक वाटेवर एखाद्या जोडात ०.१ ओहमचा अडथळा आला तरी १० अँपिअरला तिथे १ व्होल्ट खर्ची पडतो आणि तेवढ्याशा जागेत १० वॅटची उष्णता तयार होते. उष्णतेने जोड आणखी काळवंडतो, त्यामुळे अडथळा वाढतो आणि उष्णताही वाढते. लुकलुकणे सुरू होते ते या चक्रात. साध्या फिलामेंटच्या बल्बचा प्रकाश तर व्होल्टपेक्षा कितीतरी वेगाने पडतो. व्होल्ट १० टक्के घटले की उजेड जवळपास ३० टक्के घटतो.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. सगळे बंद असताना बॅटरीवर १२.६ च्या आसपास आकडा दिसला पाहिजे. १२.२ दिसत असेल तर बॅटरी साधारण अर्धी उतरली आहे. आधी ती चार्ज करून घ्या, नाहीतर पुढचे सगळे आकडे फसवतील.

मग दिवे अप्परवर लावा आणि चालू दिव्यावरच मोजा. इथे बरेच जण चुकतात. होल्डर बल्बवरून ओढून काढतात आणि रिकाम्या टर्मिनलवर मीटर लावतात. एकाच तंतूवर तगून राहिलेली वायरही अशा वेळी पूर्ण १२.६ दाखवते, कारण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. जोडाचा कस लागतो तो दिव्याचा पूर्ण करंट वाहत असताना. म्हणून होल्डर बल्बवर तसाच ठेवून मागच्या बाजूने मीटरची पिन आत सरकवा.

समजा, पद्मिनीचा डावा दिवा खड्ड्यात लुकलुकतो. दिवे चालू असताना बॅटरीवर १२.३ व्होल्ट आहेत आणि डाव्या होल्डरवर १०.५. म्हणजे १.८ व्होल्ट वाटेतच जिरले, आणि उजेड सुमारे ४० टक्के घटला. आता ही गळती जाणाऱ्या वाटेवर आहे की येणाऱ्या, ते पाहायचे. लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि काळी होल्डरच्या चालू टर्मिनलवर ठेवली तर मीटरवर ०.४ दिसतात. अर्ध्या व्होल्टच्या आत आहे, जुन्या वायरिंगला चालण्यासारखे. मग लाल पिन होल्डरच्या अर्थ टर्मिनलवर आणि काळी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. १.४! इथे ०.२ च्या वर काही दिसायला नको.

आता लाल पिन तिथेच ठेवून काळी पिन बॅटरीकडून दिव्याकडे सरकवत आणा. अर्थच्या स्क्रूशेजारी पत्र्याचा रंग नखाएवढा खरवडून तिथे काळी पिन टेकवली तरी १.३ दिसतात. याचा अर्थ, बॉडीपासून बॅटरीपर्यंतची वाट उत्तम आहे, तिथे फक्त ०.१ जातात. चोर आहे तो होल्डर आणि पत्रा यांच्या मधल्या त्या टीचभर वायरीत आणि एका स्क्रूत. वायर हाताने हलवली की आकडा नाचतो. स्क्रू काढला तर थिंबलच्या, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीच्या खाली चकचकीत रंगाचा जाड थर आणि कडेला तांबूस गंज. पत्रा चमकेपर्यंत घासला, थिंबल घासले, दातेरी वॉशर घालून आवळले, की तोच आकडा ०.०५ वर येतो. नवी वस्तू लागली नाही.

जाणाऱ्या वाटेवरही हीच रीत. फ्यूजच्या दोन टोकांवर, स्विचच्या आत-बाहेर, डिपरच्या आत-बाहेर, प्रत्येक कपलरच्या दोन बाजूंना पिना लावत जा. निरोगी जोडावर आकडा शून्याच्या जवळ राहतो. जिथे ०.२ किंवा ०.३ दिसले तिथे थांबा आणि तो जोड उघडा. बॅटरीवर मोजताना आधी शिशाच्या खांबावर आणि मग त्यावर बसलेल्या क्लॅम्पवर पिन ठेवून पाहा. वरून घट्ट दिसणाऱ्या क्लॅम्पच्या आत पांढरी बुरशी दडलेली असते, ती अशी उघडी पडते.

मीटर नसेल तर मगर-क्लिपची वायर कामाला येते. बॅटरीच्या निगेटिव्हपासून दिव्याच्या अर्थ टर्मिनलपर्यंत ती थेट लावा. लुकलुकणे थांबले की दोष अर्थिंगचा.

अर्थिंग: नव्या रंगाची जुनी तक्रार

‘गाडी रिस्टोअर करून आणली आणि दिवे बिघडले’ अशी तक्रार करणारे मालक थोडे नाहीत. बॉडी पत्र्यापर्यंत घासतात, प्रायमर मारतात, दोन-तीन हात रंग देतात, आणि मग अर्थचे थिंबल त्या सुंदर रंगावर बसवून स्क्रू मारतात. करंट आता फक्त स्क्रूच्या आट्यांमधून कसाबसा जातो. पहिल्या पावसाळ्यात त्या आट्या गंजतात. रंगकामाला गाडी देतानाच अर्थच्या जागांवर टेप लावून घ्यायला सांगा. ते राहून गेले असेल तर प्रत्येक अर्थचा स्क्रू काढून खालचा पत्रा उघडा करा. घट्ट बसवल्यावर वरून व्हॅसलीनचा हात द्या. समुद्राकाठच्या गावांत, मुंबईपासून रत्नागिरी-मालवण-पणजीपर्यंत, खाऱ्या हवेमुळे हे काम वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर करावेच.

दुसरी जागा म्हणजे इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेल्या तारेची पट्टी. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे डायनामो आणि स्टार्टर यांची वीज बॉडीत परतते ती या पट्टीतून. इंजिन उतरवून पुन्हा चढवताना ती लावायची राहते किंवा तेलाने माखलेल्या बोल्टखाली बसते. मग वीज मिळेल त्या वाटेने, क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परतते. स्टार्टर मारल्यावर ती केबल कोमट लागत असेल तर पट्टीकडे बघा. अशा गाडीचे दिवे रेस कमी-जास्त केल्यावर विचित्र वागतात आणि दोष विनाकारण डायनामोवर येतो.

तिसरी खूण पाहण्यासारखी असते. हेडलाइट लावला की त्याच बाजूचा इंडिकेटर किंवा पार्किंगचा दिवा मंदसा पेटतो. हेडलाइटला स्वतःच्या अर्थमधून परत जाता येत नाही, म्हणून त्याचा करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. अशा वेळी स्विच उघडण्यात वेळ घालवू नका.

फ्यूज, स्विच, डिपर, होल्डर

जुन्या फियाटमध्ये चिनी मातीच्या कांडीवर धातूची पट्टी बसवलेले फ्यूज असतात. दोन्ही टोके निमुळती आणि त्यांना धरणाऱ्या पितळी पट्ट्या स्प्रिंगसारख्या. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने पट्ट्यांचा ताण जातो, टोकांवर काळा थर धरतो. फ्यूज जळलेला नसतो, पण नीट टेकतही नाही. बॅटरी सोडून फ्यूज काढा, टोके आणि पट्ट्या पॉलिश पेपरने साफ करा, पट्ट्या हलकेच आत वाकवा आणि फ्यूज घट्ट बसतो का ते पाहा. त्यावर चांदीचा कागद गुंडाळणे किंवा दुप्पट क्षमतेचा फ्यूज घालणे म्हणजे पुढच्या शॉर्टला वायरिंग पेटवण्याची मुभा देणे होय.

हेडलाइटचा स्विच दहा मिनिटे दिवे लावल्यावर हाताला चांगलाच गरम लागला, किंवा प्लास्टिक तापल्याचा वास आला, तर आतला कॉन्टॅक्ट खराब झाला आहे. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पंधरा-वीस वेळा चालू-बंद करा, बऱ्याचदा तेवढ्याने भागते. आतले कॉन्टॅक्ट खड्डे पडलेले असतील तर मात्र स्विच बदलावा. मुंबईत ऑपेरा हाउसच्या आणि पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअरच्या दुकानांत चौकशी करताना जुना स्विच बरोबर न्या. टर्मिनलांची जागा वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत वेगळी असू शकते.

जीपचा डिपर पायाशी, क्लचजवळ असतो. बुटांची माती आणि पावसाचे पाणी थेट त्याच्यावर पडते. त्यामुळे अशा गाड्यांत पहिला संशय त्याच्यावरच घ्यावा.

बल्बच्या होल्डरकडेही नीट बघा. आतली पितळी टर्मिनल निळसर-काळी पडली असतील, प्लास्टिक तपकिरी होऊन ठिसूळ झाले असेल, तर साफ करून उपयोग नाही. सिरॅमिकचा होल्डर घ्या आणि त्याच्या मागची वायर तपासा. तिचे टोक थोडे सोलून बघा. तांबे काळे किंवा हिरवट असेल तर चमकदार तांबे लागेपर्यंत कापत जा, मग नवा तुकडा जोडा. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर हीच उद्याची तक्रार असते. थिंबल नीट दाबून बसवा, किंवा डाख देऊन वर उष्णतेने आक्रसणारी नळी चढवा. फायरवॉलमधून वायर जिथे पुढे येते तिथला रबरी ग्रोमेट गळून पडला असेल, तर पत्र्याच्या धारेवर वायर घासून तिचे आवरण फाटलेले सापडेल.

चार्जिंगचा भाग

सगळे दिवे एकत्र आणि रेसबरोबर फडफडत असतील तर इंजिनाकडे वळा. आधी पट्टा पाहा. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर साधारण अर्धा इंच दबला तर ठीक. त्याहून सैल असेल तर तो घसरतो, किंचाळतो आणि दिवे नाचवतो. पावसात गाडी धुतल्यासारखी भिजली की हा त्रास वाढतो.

मग इंजिन चांगल्या रेसवर ठेवून बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. आकडा १२.६ च्या वर जातच नसेल तर चार्जिंग होत नाही. १५ च्या पुढे जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे, आणि तुमचे बल्ब वारंवार का उडतात त्याचेही उत्तर मिळाले.

सुरुवातीच्या गाड्यांत डायनामो आणि त्याच्याबरोबर कटआउट-रेग्युलेटरची डबी असते. डबीतले कॉन्टॅक्ट सेकंदाला अनेकदा उघडझाप करून व्होल्ट आवरतात. त्यांच्यावर खड्डे पडले की ही उघडझाप अडखळते आणि दिव्यांत थरथर दिसते. डायनामोचे कार्बन झिजून आखूड झाले किंवा आर्मेचरच्या तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडल्या तरी तेच. कार्बन बदलणे स्वस्त काम आहे. डबीतले स्प्रिंगचे ताण मात्र अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनशिवाय कोणी छेडू नयेत.

नंतरच्या गाड्यांत अल्टरनेटर आला. त्याचा एखादा डायोड गेला की डीसीमध्ये एसीची लहर मिसळते. मीटर एसीवर ठेवून चालू इंजिनात बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसले तर अल्टरनेटर उतरवून घ्यावा. आणि एक जुनी खोड सोडा: चार्जिंग होते की नाही हे बघायला चालू गाडीत बॅटरीचे टर्मिनल उपटणे. डायनामोच्या काळातले मेकॅनिक हे सर्रास करत. अल्टरनेटरवर केले तर व्होल्टचा असा झटका बसतो की चांगले डायोडही जातात.

स्कूटर आणि मोटरसायकल

बजाज चेतकसारख्या जुन्या स्कूटरचा हेडलाइट बॅटरीवर चालत नाही, थेट मॅग्नेटोच्या एसीवर चालतो. स्लो रेसला तो मिणमिणणारच आणि रेस दिली की उजळणारच, तो तिचा स्वभाव आहे. चालत्या गाडीत मध्येच जात असेल तर स्कूटर स्टँडवर लावा, इंजिन चालू ठेवा आणि हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवा. हँडलच्या नळीतून खाली जाणाऱ्या वायरी वळताना घासल्या जातात. ठरावीक कोनात दिवा गेला तर दोष तिथेच. मोजताना मीटर एसीवर ठेवायला विसरू नका. वेगात बल्ब वारंवार उडत असतील तर रेग्युलेटर तपासा.

जुन्या बुलेटला हेडलाइटच्या वरच अँमीटर दिलेला असतो. दिवा लुकलुकताना त्याचा काटाही त्याच क्षणी आपटत असेल तर बॅटरी आणि मुख्य वायरिंगचे जोड आधी पाहावेत. काटा स्थिर आणि दिवा चंचल, असे दिसले की बॅटरी ते स्विच ही वाट साधारणपणे ठीक मानावी आणि हेडलाइटच्या भांड्यात शोधावे.

६ व्होल्टच्या गाड्यांना ही सगळी दुखणी जास्त जाणवतात. तेवढ्याच वॅटला तिथे दुप्पट करंट लागतो, आणि एका व्होल्टची गळती १२ व्होल्टच्या गाडीत बारावा हिस्सा असेल तर इथे सहावा असते.

रिले आणि एलईडी

अर्थिंग आणि जोड दुरुस्त झाल्यावर रिले लावणे हा चांगला खर्च आहे. हेडलाइटची जुनी वायर रिलेच्या ८६ वर, ८५ अर्थला, ३० वर बॅटरीपासून फ्यूजमधून आलेली जाड वायर आणि ८७ वरून दिवा. अप्परला एक आणि डिपरला एक. आता पन्नास वर्षांच्या स्विचमधून दहा अँपिअरऐवजी रिलेपुरता किरकोळ करंट जातो. डाव्या आणि उजव्या दिव्याला वेगवेगळे फ्यूज द्या, म्हणजे एक उडाला तरी दुसरा दिवा राहतो. क्रम मात्र उलटा करू नका. खराब जोडावर रिले बसवला तर तोच कटकट वाजत उघडझाप करतो आणि लुकलुकणे उलट वाढते.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. त्यात चॅसी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असण्याला महत्त्व आहे. रिले यातल्या कशालाच हात लावत नाही. तो ग्रिलमागे लपवता येतो आणि हवा तेव्हा काढताही येतो.

बाजारात मिळणारे १००/९० वॅटचे बल्ब टाळा. अप्परला दोघे मिळून १६ अँपिअरहून जास्त ओढतात. जुन्या वायरिंगवर त्यांच्यामुळे उजेड फारसा वाढत नाही, होल्डर मात्र वितळतात. फिलामेंटसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घातला तर झोत विखुरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. शिवाय फिलामेंटची तार तापलेली असल्यामुळे विजेतला क्षणभराचा खंड पचवते, एलईडी तो खंड जसाच्या तसा दाखवतो. त्यामुळे जुन्या रेग्युलेटरच्या किंवा एसीच्या गाडीत नवा एलईडीच लुकलुकायला लागतो.

वाटेत दिवे गेले तर

रात्री घाटात हा प्रसंग आला तर आधी गाडी रस्त्याच्या पूर्ण कडेला घ्या, पार्किंगचे दिवे लावा आणि मागे पुरेशा अंतरावर त्रिकोण ठेवा. मग अप्परवरून डिपरवर जाऊन बघा. एक वाट गेली असेल तर दुसरी बहुधा चालते. दिवे बंद करून फ्यूज जागेवरच दोन-तीनदा गोल फिरवा, टोकावरचा थर घासला जातो. बॅटरीचे क्लॅम्प हाताने हलतात का ते पाहा. मगर-क्लिपची वायर डिकीत असेल तर दिव्याला तात्पुरता अर्थ देता येतो. यातल्या कशानेही उजेड स्थिर झाला नाही तर पहाटेपर्यंत थांबणे हाच शहाणपणा. फक्त पार्किंगच्या दिव्यावर घाट उतरू नये.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना

‘हेडलाइट लुकलुकतोय, जरा बघा’ एवढेच सांगितले तर कारागीर अंदाजाने सुरुवात करणार. त्याऐवजी कागदावरची निरीक्षणे सांगा: फक्त डावा, दोन्ही झोतांवर, खड्ड्यात, केबिनचा दिवा स्थिर, अर्थच्या बाजूला १.४ व्होल्ट. चांगला कारागीर एवढ्यावर थेट स्क्रूपाशी जातो, आणि कामचुकार माणसाला अख्खे वायरिंग बदलायचा सल्ला देणे अवघड जाते. काम झाल्यावर तुमच्यासमोर तेच मोजमाप पुन्हा करायला सांगा. आकडा खाली आला नसेल तर दिवा आज स्थिर दिसत असला तरी दुरुस्ती झालेली नाही. होल्डर-भांडे उघडले असेल तर भिंतीवर झोताची उंचीही पाहून घ्या.

हे आकडे तारखेसकट गाडीच्या वहीत लिहा: बॅटरी, चार्जिंग, दोन्ही दिव्यांची जाणारी आणि येणारी वाट. दरवर्षी पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा. एखाद्या जोडावर ०.०५ चे ०.१५ झाले तर तो लुकलुकायच्या आधीच सापडतो, आणि दिवसाउजेडी, घरच्या अंगणात साफ करता येतो.